पहिल्या ओटीचा पुकारा

१९ जानेवारी २०२५, रविवार
ब्राशोवजवळ, रोमानिया

मिरेला वहिनी,

हे पत्र नुमान तुमच्या हातात देईल. मी कागदावर लिहितो, फोटो काढून त्याला पाठवतो, तो त्याच्या साउंडच्या दुकानात प्रिंट काढतो. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय म्हणून एवढा उद्योग. नुमान म्हणाला, "भावा, पोस्टमन व्हायला माझी ना नाही. पण वहिनींनी फाडून फेकलं तर तुकडे गोळा करायला मी थांबणार नाही." फाडायचं तर फाडा, पण वाचून फाडा.

मी तुमच्या देशात आहे. आईला मी फक्त "परदेशात" एवढंच सांगितलं होतं. पिंपरीच्या एजंटने तीन देश दाखवले, क्रोएशिया, पोलंड, रोमानिया. म्हणाला, लवकर बोल, मागं लाईन आहे. तिन्हीतलं एकच नाव मी आधी ऐकलेलं, ते तुमच्यामुळे. म्हटलं, हेच टाक. आठवी नापासाला एवढंच कारण पुरतं.

इथं खुर्च्यांचा कारखाना आहे. मी दिवसभर लाकडाला पॉलिश पेपर मारतो. नाकात, कानात, डब्यात भुसा. पाच महिने झाले, आणि माझ्यासाठी हे लई आहेत. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये मी चार महिने टिकलो, हिंजवडीच्या कॅबवर तीन, पिंपळे सौदागरला पार्सल टाकत होतो ते किती ते आठवत पण नाही. इथं मला नाव नाही. सुपरवायझर हाक मारतो, "इंडिया". आम्ही चौघं आहोत, चौघंही "इंडिया". एकाला बोलावलं की चौघं मान वर करतो.

आता खरी गोष्ट. तुम्हाला ती माहीत आहे, पण माझ्या तोंडून एकदा यायला पाहिजे. दादा सरपंचपदाला उभा राहिला तेव्हा मी सख्खा भाऊ असून जुन्या सरपंचांच्या, सोपानरावांच्या पॅनलचा भोंगा झालो. दादाने मला कुठल्याच कामाला घेतलं नव्हतं. म्हणाला, "तू आठ दिवस एका जागी थांबत न्हाईस, तुझ्यावर काय सोपवायचं?" मला ते लागलं. मग नुमानच्या टेंपोत बसून मी सगळ्या चिंचदऱ्यात ओरडत फिरलो: "पहिली ओटी कुणाची? गावच्या लेकी-सुनांची. विमानातल्या पाव्हणीची? न्हाई, न्हाई, न्हाई."

लोकांना वाटतं हे सोपानरावांनी लिहून दिलं. नाही. हे मी जुळवलं. गिरणीसमोर चहा पिताना, पाच मिनिटांत.

दादा एकशे बारा मतांनी आला. पण घोषणा पडली नाही. शाळेतली पोरं अजून म्हणतात म्हणे. आणि नुमानने सांगितलं, सोपानरावांच्या मंजुळाबाई गिरणीत बायांना म्हणाल्या, "सरपंच त्यांचा झाला, पर देवी आमची हाय." वाघजाईची पहिली ओटी गावच्या पहिल्या बाईची. आधी पाटलीणबाईची होती, मग सरपंचाच्या बायकोची झाली. दहा वर्षं मंजुळाबाईंनी भरली. आता ती तुमची आहे, आणि माझ्या तोंडामुळे तुम्हाला ती मिळत नाही.

तर मी ठरवलंय. चैत्री पुनवेला, यात्रेच्या दिवशी, नुमानच्या त्याच टेंपोवरून माझी माफी वाजवायची. रेकॉर्ड तयार आहे. सात मिनिटांची आहे. खाली सनई टाकली आहे.

तुमचा दीर,
अजिंक्य

९ फेब्रुवारी २०२५
ब्राशोवजवळ

वहिनी,

तुम्ही माझ्याच पत्राच्या मागं लिहून पाठवलंत. नुमानने फोटो पाठवला तेव्हा मी मशीनवर होतो, हात भुशाने भरलेले, नाकाने स्क्रीन मोठी करून वाचलं.

"आधी तू मला न विचारता भोंगा लावला. आता परत न विचारता भोंगा लावतो. मला माफी नको. सनई तर नकोच. मला पुकारा पाहिजे. सगळ्या बायांना होतो तेवढाच. एक शब्द जास्त नको."

मी माफी डिलीट केली. सात मिनिटं आठवडाभर खपून केली होती, पण केली डिलीट.

मग रात्रपाळीच्या लोकांनी खोली सोडल्यावर मी पलंगावर बसून पुकारा म्हणून बघितला. मी तो किती वेळा केलाय. ओटीचं ताट घेऊन बाई पायरीवर आली की माइकवर सांगायचं, अमुक बाई, अमक्याची लेक, तमक्याची सून, माहेर अमुक गाव. मग गुरव घंटा वाजवतो आणि बाई ओटी भरते. झोपेतसुद्धा येतो मला. तुमचा म्हणायला लागलो आणि "मिरेला" म्हणून थांबलो. कुणाची लेक? माहेर कुठलं? पाच वर्षं मी तुमच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि तुमच्या वडलांचं नाव मला माहीत नाही. घरात कुणाला माहीत आहे का, तेही माहीत नाही. दादाला असेल.

तर वडलांचं, आईचं आणि गावाचं नाव लिहून पाठवा.

आईचं काय चाललंय? अजून तुम्हाला "ही" आणि "तिला" असंच म्हणते का? तुमच्याशी भांडत तरी जा म्हणावं तिला. भांडताना तरी माणसाचं नाव घ्यावं लागतं.

खाली तुम्ही अजून एक ओळ लिहिली आहे. "मागच्या वर्षी यात्रेत सकाळी सहा वाजता काय झालं ते पण लिही." ते लिहीन. आज कागद संपत आला.

अजिंक्य

२ मार्च २०२५
पोयाना

वहिनी,

तुम्ही नावं लिहून पाठवली नाहीत. तुम्ही बसचा नंबर लिहून पाठवलात. त्याखाली "जाऊन विचार" एवढंच. मी हसलो, मग दोन दिवस चिडलो, मग शनिवारी बस पकडली.

तुमच्या गावात पोचायला साडेचार तास लागले. शेवटच्या स्टॉपला मी एकटाच उतरलो. काल एक मार्च होता ना, बसमधल्या सगळ्या बायांच्या कोटाला लाल-पांढरा दोरा. मला वाटलं कसलातरी नवस आहे. तुमच्या आईने दार उघडलं, फोनमध्ये माझा फोटो बघितला असणार, कारण नाव न विचारता माझा कोट पकडला आणि तसाच दोरा बांधला. मग कळलं, इथं एक मार्चला तो बांधतात, थंडी गेली म्हणून. थंडी गेली नव्हती.

तुम्हाला घर बघायचं असेल, म्हणून लिहितो. कुंपण निळं आहे, एक फळी नवी, तिला रंग नाही. अक्रोडाच्या झाडाची एक फांदी कापली आहे, वीजवाल्यांनी. तुमच्या खोलीत आता बटाटे आहेत. पण भिंतीवर तुमचं शाळेचं चित्र तसंच आहे, घोडा की कुत्रा, मला कळलं नाही. मांजर आहे, म्हातारं, एका कानाचं. तुमची आई डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उठते. फोनवर सांगत नसेल तुम्हाला.

बोलायला फोनमधलं भाषांतर होतं. मी सांगितलं, तुमची मुलगी आमच्या गावची पहिली बाई आहे. तिने विचारलं, गाव किती मोठं? म्हटलं, अडीच हजार माणसं. ती म्हणाली, आमच्या सरपंचाची बायको पण चर्चमध्ये पुढच्या ओळीत उभी राहते. पण तिला कोण विचारतो, गाते किती वाईट. मग विचारलं, माझी मुलगी गाते का? मी म्हटलं, नाही, तिला फक्त ओटी भरायची आहे. ओटी काय ते सांगायला अर्धा तास गेला. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ. तिला सगळ्यात जास्त तांदूळ आवडले.

जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वर दही. आपल्या उकडीसारखं, फक्त मिरची नाही. मी बॅगेतली चटणी काढली. तिने चाखली, आणि उरलेलं सगळं दही स्वतःच्या ताटलीत ओतून घेतलं.

आता सहा वाजताचं.

मागच्या यात्रेत तुम्ही हिरवी साडी नेसून, दहा वाजता ताट घेऊन देवळात आलात आणि पहिली ओटी आधीच झालेली होती. गावात म्हणतात मंजुळाबाईंनी चोरून भरली. चोरून नव्हती. पुकाऱ्याशिवाय पहिली ओटी होतच नाही. सकाळी सहाला माइकवर मी होतो. मंजुळाबाईंचा पुकारा मीच केला, खणखणीत, आईवडलांच्या नावासकट. आणि तुम्ही आलात तेव्हा मी टेंपोच्या मागं जाऊन बसलो. तुम्ही ताट घेऊन परत गेलात ते मी टेंपोच्या आरशात बघितलं. तुम्ही मला ब्लॉक का केलंत ते मला त्या दिवसापासून माहीत आहे. घोषणेसाठी नाही.

हे मी काल तुमच्या आईला पण सांगितलं. तिने भाषांतर दोनदा ऐकलं. माझ्यासमोरची ताटली उचलली आणि आत गेली. मी कोट चढवला. मग ती आली, ताटली परत ठेवली, भरलेली.

वडलांचं नाव योन, आईचं एलेना. मी विचारलं कधी गेले. म्हणाली, दोन हजार वीस, मे महिना. विमानं बंद होती, मिरेला येऊ शकली नाही.

वहिनी, मी त्या दिवशी घरात होतो. आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं तर चूल पेटत नाही, शेजारचे कडू घास आणतात. तुमचे वडील गेले त्या दिवशी आपल्या घरात चूल रोजच्यासारखी पेटली, आणि भाकऱ्या तुम्हीच केल्यात. मी तीन खाल्ल्या. कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ते मरण लांबचं होतं. दूर देशातलं म्हणजे जणू टीव्हीतलं.

याला माफी मागायची कशी ते मला येत नाही. म्हणून फक्त लिहिलं.

अजिंक्य

२३ मार्च २०२५
ब्राशोवजवळ

वहिनी,

गेले तीन आठवडे तुमची एकही ओळ आली नाही. मला वाटलं संपलं. परवा नुमानने फोटो पाठवला, एकच वाक्य: "तो घोडा आहे."

मग काल दुसरा, मोठा. एकेक उत्तर देतो.

नवीन माइकवाला आयुष तुमचा पुकारा करणार नाही म्हणतो, ते बरोबरच आहे, सोपानरावांच्या चुलत्याचा नातू तो. त्याला शिव्या देऊ नका, मागच्या वर्षी त्याच्या जागी मी होतो. देऊळ या वर्षी नऊला उघडणार, किल्ली गुरवाकडे, हे गुरवाने लिहून दिलंय ते लई चांगलं झालं. सहाचा डाव गेला.

दादा म्हणतो "या वर्षी जाऊ दे, पुढच्या निवडणुकीत त्याच बायांची मतं लागतील." तुम्ही त्याला म्हणालात, "या वर्षी नाही झालं तर मी फक्त तुझ्या स्वयंपाकघरात सरपंचाची बायको. झेंड्याला येणार नाही, हळदीकुंकवाला येणार नाही, फोटोत पण नाही." नुमान दारात उभा होता म्हणून मला कळलं. तुम्ही हे बोलून आत गेल्यावर दादा नुमानला म्हणाला, "ही मराठी कुणाकडनं शिकली रे?" नुमान म्हणाला, "तुमच्या आईकडनं, सरपंच."

मी मधल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की नोकरी सोडून यात्रेला येतो, देवळात उभा राहून पुकारा करतो. तुमचं उत्तर आलं: "नोकरी सोडून आला तर पुकारा नको. तू सगळीकडून पळून येतो. एकदा थांब." दादाच्या तोंडून हेच ऐकून मी सोपानरावांकडे गेलो होतो. तुमच्याकडून ऐकलं आणि मशीनवर परत गेलो. का ते मला पण माहीत नाही. बहुतेक दादाने सांगितलं होतं मी कुठं थांबलो नाही, तुम्ही सांगितलंत कुठं थांबायचं.

तर असं ठरलं. नऊला नुमान माइकला फोन लावून धरेल, आणि मी इथून बोलेन. इथं तेव्हा साडेसहा वाजलेले असतील. सुपरवायझरकडे दहा मिनिटं मागितली. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, गावच्या पहिल्या बाईचा कार्यक्रम आहे. तो म्हणाला, पंधरा घे.

तुमच्या आईने अक्रोड दिले होते, तुमच्या झाडाचे. त्यांचं पार्सल पोचलं असेल. मी त्याच चिठ्ठीत विचारलं होतं की ओटीत अक्रोड चालतात का, आईला विचारा. तुम्ही लिहिलंत: "चालतात. पाच टाकायचे, न फोडलेले. आणि अजिंक्यला सांग, खोकला आहे तर लाकडाच्या धुळीत तोंडाला फडकं बांध." खोकल्याचं मी फक्त पहिल्या पत्राच्या कोपऱ्यात लिहून खोडलं होतं. तुम्ही फार बारीक वाचता.

अजिंक्य

१३ एप्रिल २०२५, रविवार
पोयाना

आई,

हे पत्र तुला आहे. वहिनी, मोठ्याने वाचा, रोजच्यासारखं.

नुमानने काल सांगितलं. पहिल्या पत्रापासून वहिनी ओट्यापाशी बसून मोठ्याने वाचायच्या, आणि तू पाठ करून भाकऱ्या थापत असायचीस, ऐकत नसल्यासारखी. एकदा वाचताना त्या थांबल्या तर तू म्हणालीस, "पुढं वाच की, तवा तापलाय." मला वाटत होतं मी एका बाईला लिहितोय. तरीच अक्रोड पाच.

तू तिथं होतीस, तुला सगळं माहीत आहे. पण माझ्याकडून कसं झालं ते तुला माहीत नाही.

काल सकाळी मी कारखान्याच्या मागं लाकडाच्या थप्पीजवळ उभा होतो. तिथंच काय ती रेंज येते. बाकीचे तीन इंडिया पण आले. नुमानने फोन लावला. देवळातला आवाज आला, गर्दी, कुणाचं तरी पोर रडतंय, आयुष माइकवर "हॅलो, हॅलो". मग नुमान हळूच म्हणाला, "वहिनी पायरीवर आल्या. ताट हातात हाय. बोल." मी डोळे मिटले आणि सुरू केलं. "वाघजाईच्या पहिल्या ओटीला, सरपंच रोहिदास यांच्या मंडळी, सौभाग्यवती मिरेला..."

आणि लाईन तुटली.

मला कळलं नाही गं. मी पुढचं सगळं म्हटलं. कुणाची लेक, कुणाची सून, माहेर, सगळं, छाती फुटेपर्यंत. डोळे उघडले तेव्हा कॉल कधीच कट झाला होता. मी परत लावला, परत, परत. लागेना. पंधरा मिनिटं संपली. सुपरवायझरने हाक मारली. मी आत जाऊन खुर्चीच्या पायाला पेपर मारत बसलो. दोन वाजेपर्यंत मला वाटत होतं की दुसऱ्या वर्षी पण मीच तिला पायरीवरून परत पाठवलं.

सुट्टीत व्हिडिओ आला.

तो मी आतापर्यंत किती वेळा बघितला ते विचारू नकोस. माझा आवाज येतो, "मिरेला" म्हणतो आणि तुटतो. आयुष माइकपाशी खोकतो, पण बोलत नाही. मंजुळाबाई म्हणतात, "लाईन पण परदेशीच निघाली," आणि बाया हसतात. वहिनी ताट धरून उभ्या. हलत नाहीत. मागं बघत नाहीत. दादा दोन पावलं पुढं येतो आणि थांबतो.

आणि मग तू.

अण्णा गेल्यापासून तू ओटीच्या वेळी पायरीच्या खाली उभी राहतेस. बारा वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, तूच राहायला लागलीस. व्हिडिओत तू पदर डोक्यावर घेतेस आणि चढतेस. मधेच गुडघ्यावर हात ठेवतेस. आयुषच्या हातातला माइक घेतेस, तो उलटा धरतेस, नुमान सुलटा करून देतो. आणि तू बोलतेस, बाजारात भाव सांगावा तशी:

"मिरेला. योन आणि एलेनाची लेक. सावित्रीबाईची सून. माहेर पोयाना."

मग घंटा वाजत नाही, कारण गुरव तुझ्याकडंच बघत बसलाय. तू त्याला म्हणतेस, "वाजव की रं." आणि मग वहिनींना, माइक तोंडासमोर आहे हे विसरून, "भर गं आता. किती येळ ताट धरशील."

पाच वर्षांत मी तुझ्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं. एवढ्या भोंग्यावर ऐकेन असं वाटलं नव्हतं.

नुमानने मोजलं, वहिनींच्या मागून अकरा बायांनी ओट्या भरल्या. गावात ओटी भरणाऱ्या तीनशे बाया असतील. मंजुळाबाई ताट घेऊन तशाच घरी गेल्या, त्यांच्या मागं पुष्कळ गेल्या. पण त्यांची सून अपेक्षा तिसरी होती, आणि तिचा पुकारा आयुषने केला. वहिनी, तुम्ही लिहिलंय "अकरा चांगले. पुढच्या वर्षी बघू." मला ते वाचून बरं वाटलं, कारण म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही तिथं आहात.

मी पण इथं आहे. कागदावर सही केली, अजून एक वर्ष. दादाला सांगा, आठ महिने झाले एका जागी. त्याला खोटं वाटलं तर पगाराची पावती पाठवतो.

आज इथं फुलांचा रविवार म्हणतात, लोक विलोच्या फांद्या घेऊन चर्चमधून येतात. मी सकाळच्या बसने पोयानाला आलो, व्हिडिओ दाखवायला. एलेनाबाईंनी तो चुलीपाशी उभ्यानेच बघितला. मुलगी हिरव्या साडीत दिसली तेव्हा फोन स्वतःच्या हातात घेतला. गावाचं नाव ऐकलं तेव्हा मला थांबवलं. माइकवरच्या बाईकडं बोट दाखवून विचारलं, ही कोण?

फोनमध्ये "विहीणबाई"ला काय म्हणायचं ते मला सापडलं नाही. मी म्हटलं, ही तिची तिकडची आई.

त्यांनी हात पुसले. डोक्याचा रुमाल सोडून नीट बांधला, जशा त्या कुणी घरी आल्यावर बांधतात. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, परत लाव.

अजिंक्य